बंद करायचं बटण

मला राग पटकन येतो, हे आमच्या आडवण गावात कुणीही सांगेल. तितक्याच पटकन जातो, हेही सांगतील. निकेत नावाच्या त्या पोराचा राग मात्र २००९च्या डिसेंबरात आला, तो वर्ष झालं तरी तसाच आहे. तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

आमचं घर खाडीच्या काठावर, मालवणहून एसटीने तासाभराच्या वाटेवर. आमच्या यांची, म्हणजे विठोबांची, पूर्वी होडी होती. गुडघे बोलायला लागल्यावर होडी विकली आणि माडांच्या सावलीत चार खोल्या बांधल्या. सासूबाईंच्या नावाने पाटी लावली, ‘यशोदा न्याहारी-निवास’. मुलगा सर्वेश जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. घरात आम्ही तिघं, मी, हे आणि सून दिव्या. दिव्या वालावलची, बी.कॉम. झालेली, हिशोबाला आणि बोलायला दोन्हीला चोख.

पाहुणे आमच्याकडे तोंडी यायचे. कोल्हापूरच्या कुणी सांगलीच्या कुणाला सांगायचं, ते सांगलीवाले यायचे, बांगड्याचं तिखलं ओरपायचे आणि जाताना माझ्याकडून कोकमं बांधून न्यायचे. मग २००८-०९ च्या सुमाराला फोनवर नवीनच प्रश्न सुरू झाला. ‘तुमची साइट आहे का?’ दिव्या नाही म्हणायची आणि पलीकडचा माणूस ‘बरं, कळवतो’ म्हणून फोन ठेवायचा. असं दहा-बारा वेळा झाल्यावर ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

“आई, साइट होयीच. नायतर खोलये वटवागळांक देवचे लागतले.”

मी म्हटलं कर. माझा विरोध नव्हताच. पुढे काही लोकांनी गावात उठवलं की चंद्रावतीला कॉम्प्युटरचं वावडं आहे. साफ खोटं. मी फक्त एक प्रश्न विचारत होते आणि तो कुणाला कळत नव्हता.

दिव्याने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तीन रकाने आखले. पहिला रकाना कुडाळच्या गंगाराम सरांचा. ते कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचे आणि लोकांना साइट बांधून द्यायचे. आम्ही दोघी त्यांच्याकडे गेलो. सरांनी पतसंस्थेची साइट दाखवली, त्यात चेअरमनचा फोटो फिरत होता. छान होतं सगळं. मी विचारलं, “सर, चालू कशी करायची ते कळलं. बंद कशी करायची?”

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं नव्या होडीला भोक कुठे पाडू म्हणून मी विचारलंय. “बंद कशाला करायची, काकी? माणसं चालू करण्यासाठी पैसे देतात.”

“मधे तीन दिवस बंद ठेवायची असली तर?”

“तर मला फोन करा. मला वेळ झाला की करीन.”

आता हा तीन दिवसांचा विषय समजावून सांगायला हवा. दर तीन-चार वर्षांनी, मार्गशीर्ष-पौषाच्या सुमाराला, आमचा देव रवळनाथ कौल देतो. त्या कौलाप्रमाणे एका दुपारी अख्खा गाव बाहेर पडतो. माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरं, पोपटाचे पिंजरेसुद्धा. वेशीबाहेर झोपड्या घालून तीन दिवस, तीन रात्री राहायचं. गावात कुणी पाऊल टाकायचं नाही, दिवा लावायचा नाही. चौथ्या दिवशी देवाला पुन्हा विचारायचं आणि तो हो म्हणाला की घरी परतायचं. याला गावपळण म्हणतात. कुणी सांगतं, त्या दिवसांत गावात भुतंखेतं नांदतात. कुणी सांगतं, पूर्वी साथी यायच्या तेव्हापासूनची रीत. माझ्या सासूबाई म्हणायच्या, “गावाक पण मानसांपासून जरा सुटका नको?” मला त्यांचं पटतं. बारा महिने आपण त्या जमिनीवर भांडतो, थुंकतो, चुली पेटवतो. तीन दिवस तिला एकटीला सोडलं तर आपलं काय जातं?

आणि तारीख आधी कुणालाच माहीत नसते. कौल होतो तेव्हा आठ दिवस हातात असतात. म्हणून मी विचारत होते की आठ दिवसांच्या बोलीवर घर बंद करता येईल ना. सर वेळ झाला की करणार होते. सरांच्या रकान्यावर मी फुली मारायला लावली.

दुसरा रकाना फुकटच्या साइटचा. नेटवर तयार साचे मिळतात, त्यात आपलं नाव आणि फोटो भरायचे की झाली साइट. आमच्याकडे टेलिफोनच्या तारेवरून नेट यायचं, वाऱ्याची मर्जी असली तर. दिव्याने दोन संध्याकाळी बसून ती बांधली. यात बंद करायचं बटण होतं. तिने ते दाबलं, साइट गेली. परत दाबलं, आली. मला तर तिथेच पसंत पडली होती. पण साइटचा पत्ता एवढा लांब, की कार्डावर दोन ओळींत मावेना. वर डोक्यावर जाहिरात, लग्न जुळवणाऱ्यांची. एक नटलेली मुलगी डोळे मिचकावायची आणि तिच्या खाली आमचं नाव, यशोदा न्याहारी-निवास. हे म्हणाले, “ह्या बघून कोण इलो तर तो काय मागात?” आम्ही तिघं हसलो आणि ती साइट बाजूला पडली. त्या हसण्याची आज मला लाज वाटते. डोळे मिचकावणारी मुलगी परवडली असती.

तिसरा रकाना ‘सागरओढ डॉट कॉम’ या मुंबईच्या कंपनीचा. तिथे आपल्याला पान बांधायचंच नसतं. कंपनीच आपल्या घराचं पान करते, पाहुणे कंपनीकडे खोली घेतात, कंपनी आपला वाटा ठेवून बाकीचे आपल्याला देते. या कंपनीचा माणूस स्वतः घरी आला, ऑक्टोबरात. तोच हा निकेत. पंचवीस-सव्वीसचा, गोरागोमटा, येताच माझ्या पाया पडला. मी त्याला सोलकढी दिली, जेवायला वाढलं. त्याने भरपूर फोटो काढले, खाडीचे, खोल्यांचे, माझ्या हातातल्या काविलथ्यासकट, म्हणजे उलथण्यासकट, आंबोळीचे. मग पडवीत बसून म्हणाला, “काकू, तुमच्या गावाचं काहीतरी खास सांगा ना. लोकांना गोष्ट आवडते.”

मला सांगायला आवडतं. येईल त्या पाहुण्याला मी गावपळण सांगायची. यालाही सांगितली, सासूबाईंच्या वाक्यासकट. एकदा लहानपणी सर्वेशची चप्पल घरात राहिली तेव्हा तो वेशीवर कसा रडत बसला होता तेही सांगितलं. निकेत मान डोलावत ऐकत होता. अधूनमधून ‘वॉव’ म्हणत होता. मला वाटलं, शहरातला असून किती मनापासून ऐकतोय.

शेवटी मी माझा प्रश्न विचारला. तो हसला आणि त्याचा लॅपटॉप माझ्या मांडीवरच ठेवला. पडद्यावर महिन्याचं पान होतं. “एका तारखेवर बोट ठेवा, काकू.” मी ठेवलं. तारीख लाल झाली. “झालं. आता जगातल्या कुणालाही त्या दिवशी तुमची खोली मिळणार नाही.”

मला बरं वाटलं. दिव्याने करार वाचला, अकरा पानं इंग्रजी. सातव्या पानापर्यंत नीट वाचला, पुढचा चाळला, कारण तोवर निकेतची शेवटची एसटी निघायची वेळ झाली होती. अंगणात उभं राहून यांनी सही केली.

डिसेंबर उजाडला आणि देवळात कौल लावायचं ठरलं. आमचे हे बारा-पाच मानकऱ्यांतले, म्हणजे देवळात मान असलेल्या घराण्यांतले, एक. कौल झाला की प्रत्येक मानकरी देवासमोर उभं राहून आपल्या वाडीच्या वतीने बोलतो, की आमच्या वाडीतला एकही उंबरा उघडा राहणार नाही, एकही माणूस आत झोपणार नाही. हे शब्द यांच्या वडिलांनी दिले, आजोबांनी दिले. शब्द खाली पडला तर मान जातो. कुणी दंड करत नाही, कुणी बोलतही नाही. पुढच्या वेळी नारळ दुसऱ्याच्या हातात देतात, एवढंच. आमच्याकडे त्याहून मोठी नामुष्की नाही.

कौल मिळाला. दिवस आले तेवीस, चोवीस, पंचवीस डिसेंबर, म्हणजे ऐन नाताळ, पाहुण्यांचा हंगाम. देवाला नाताळ ठाऊक नसावा किंवा ठाऊक असून त्याने तसं केलं असावं. आम्ही कुरकुर केली नाही. दिव्या त्याच संध्याकाळी कॉम्प्युटरवर बसली.

“आई, तारीख लाल होवक नाय.”

मी जाऊन पाहिलं. तीन तारखांवर बोट ठेवलं की एक चौकोन उघडायचा. त्यात लिहिलं होतं, हंगामात तारखा बंद करायच्या असतील तर कारण लिहून विनंती पाठवावी.

“काय लिवू? कोण आजारी आसा म्हणान लिवू?”

“खोटा कित्या लिवूचा? खरा काय ता लिव.”

मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. ‘तेवीस ते पंचवीस डिसेंबर आमच्या गावाची गावपळण आहे. देवाच्या कौलाप्रमाणे सारा गाव रिकामा असतो. तीन दिवस, तीन रात्री गावात एकही माणूस राहत नाही. तरी आमचं घर बंद ठेवावं.’ पाच मिनिटांत उत्तर आलं, ‘आपली विनंती मिळाली. धन्यवाद.’

आम्ही निवांत झालो. यात आमची चूक झाली हे मी मान्य करते, पण ती कशी झाली तेही ऐका. आमच्या भागात देवाचं कारण सांगितलं की पुढे कुणी बोलत नाही. गावपळणीत पोस्टमन पत्रं वेशीवर आणून देतो. शाळेचे मास्तर साहेबाला कळवतात आणि साहेब सुट्टी देतो. एसटीचा ड्रायव्हर गाडी आत न आणता वेशीवरूनच वळवतो. त्यांना कुणाला सही-शिक्का लागत नाही. तेव्हा देवाचं काम आहे असं लिहिल्यावर मुंबईच्या कंपनीला आणखी काय सांगायचं राहिलं, असं आम्हाला वाटलं. कंपनीने खरंच बंद केलं की नाही, हे बघायचंसुद्धा आम्हाला सुचलं नाही.

तेवीस तारखेची सकाळ. घरात ही धावपळ. गुरांची दावी सोडायची, तांदूळ-कुळीथ बांधायचे, कोंबड्या टोपलीखाली घालायच्या. अशात फोन वाजला. पलीकडे एक बाई, गोड आवाजाची.

“चंद्रावती काकूच ना? मी प्रियांका, पुण्याहून. आम्ही आंबोलीत चहाला थांबलोय, वाटेत एक-दोन ठिकाणं बघत चारपर्यंत पोचू. तुम्ही निघण्याआधी काही जेवण करून ठेवणार आहात का, की आमचं आम्हीच करायचं?”

“कुठे पोचणार?”

“तुमच्या घरी. चारही खोल्या आम्हीच घेतल्यात. सातजण आहोत. किल्ली कुंडीखाली असेल असं कंपनीने सांगितलंय.”

मी फोन हातात धरून दिव्याला हाक मारली. ती पान उघडायला बसली. नेट यायला दहा मिनिटं गेली. मग ते पान हळूहळू वरून खाली उघडत गेलं. आमचं घर, पण काळोखं केलेलं, माडांच्या मागे चंद्र चिकटवलेला. वर मोठ्या अक्षरांत, ‘भुतांच्या गावात तीन रात्री’. खाली, ‘सारा गाव रिकामा. एकही माणूस नाही.’ हे माझेच शब्द होते. घर बंद ठेवा म्हणून मी जे कारण लिहिलं, तेच उचलून त्यांनी विकायला मांडलं होतं. त्याखाली माझा फोटो, हातात काविलथा. आंबोळी कापून टाकली होती, त्यामुळे मी कुणाला तरी मारायला निघाल्यासारखी दिसत होते. आणि फोटोशेजारी माझ्या नावावर एक वाक्य, ‘आम्ही पळतो. तुम्ही थांबून दाखवा.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. असलं वाक्य मी जन्मात बोलले नव्हते.

निकेतला फोन लावला. एरवी शहरातल्या माणसांशी मी शुद्ध बोलते. त्या दिवशीही सुरुवात शुद्धच केली.

“निकेत, आम्ही घर बंद ठेवायला सांगितलं होतं.”

“काकू, मी तुम्हाला फोन करणारच होतो. काय रिस्पॉन्स आहे. एका दिवसात चारही खोल्या गेल्या. तुम्ही वेळेवर तारीख कळवलीत म्हणून जमलं.”

“तारीख बंद करण्यासाठी कळवली होती.”

“हो, पण हंगामात बंद करणं कंपनीच्या हातात असतं. करारात आहे ते, नवव्या पानावर. आणि तुम्हाला त्रास काय? तुम्ही घरी नसणारच आहात. किल्ली तेवढी कुंडीखाली ठेवा.”

“माझ्या नावावर ते वाक्य कुणी लिहिलं?”

“आमच्या टीमने. भारी आहे ना?”

तिथे माझं शुद्ध संपलं. “मेल्या, माझ्या हातचा जेवलंस आणि माझ्याच तोंडात शेण घातलंस? तुझ्या आवशीच्या फोटोखाली लिवशीत असला?”

तो म्हणाला, काकू, तुम्ही जरा शांत झालात की बोलू. पाहुण्यांना परत पाठवलंत तर त्यांची भरपाई तुमच्याकडून घ्यावी लागेल, हेही त्याच शांत आवाजात सांगितलं आणि फोन ठेवला. मला शिवी दिली असती तर मी विसरले असते.

मी प्रियांकाला परत फोन लावला. लागेना. घाटात रेंज नव्हती.

हे पायरीवर बसले होते. सगळं ऐकलं होतं. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले, “मी देवाफुडे उभो रवान शब्द दिलंय, चंद्रावती. घरात मानसा झोपली तर वाडीक खयचा तोंड दाखवू?” आवाज चढवला नाही, करारात काय लिहिलंय ते विचारलं नाही. एकदा तरी ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुपारी गाव निघाला. आम्ही कुलूप लावलं आणि वेशीबाहेर आलो. सगळे झोपडीसाठी जागा बघत होते. मी मात्र पिंपाखाली घालायचा लाकडी पाट घेतला आणि वेशीच्या आत जाणाऱ्या रस्त्याच्या मधोमध मांडून बसले. लोकांनी विचारलं काय झालं. मी सांगितलं. लपवण्यासारखं काय होतं? यांचं तोंड पडलं, पण खोटं मला जमत नाही. तेव्हा जमत नव्हतं.

चारच्या सुमारास जीप आली. मी उठले नाही. जीप थांबली. प्रियांका उतरली, तिचा नवरा, दुसरं एक जोडपं, दोन मुलं आणि मागून हळूहळू तिच्या सासूबाई, सत्तरीच्या पुढच्या. प्रियांकाच्या हातात त्या पानाचा छापील कागद होता, माझ्या फोटोसकट. तिने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसली.

“तुम्हीच काकू. इथे बसून वेलकम करता?”

“वेलकम नाही. पुढे जाता येणार नाही. घराला कुलूप आहे आणि गावात आज कुणी झोपत नाही.”

नवरा पुढे आला. आम्ही पूर्ण पैसे भरलेत, मुलांना सांगून आणलंय, हा काय प्रकार आहे. मीही उभी राहिले. म्हटलं, “दुसऱ्याच्या गावात भूत बघायला यायचं आणि तेही म्हाताऱ्या आईला घेऊन? तुमच्या घरी श्राद्ध असताना मी तिकीट काढून आले तर चालेल तुम्हाला?”

तो प्रियांकाकडे वळला. तिच्या सासूबाई म्हणाल्या, “मला तर समुद्र बघायला जातोय म्हणून सांगितलं होतं.”

प्रियांकाने कागद माझ्यापुढे धरला. तिचा आवाज आता लहान झाला होता. “पण काकू, हे तुमच्या नावाने आहे. आम्हाला वाटलं, तुम्हीच बोलावलंत.”

तिचं खरं होतं. माझ्या नावाने, माझा फोटो दाखवून त्यांना बोलावलं होतं, आणि बोलावणं खरं समजून ती माणसं घाट उतरून आली होती. म्हातारी उन्हात उभी होती. त्यांच्यावर ओरडून मी कुणाचा राग कुणावर काढत होते? मी पाट उचलला आणि तिला बसायला दिला.

यांनी कुणाला न विचारता आमच्या झोपडीशेजारी चार वासे पुरायला घेतले. वाडीतले पाच-सहाजण आले. कुणी माडाची चुडतं आणली, कुणी चटई. तासाभरात दुसरी झोपडी उभी राहिली. मी पाहुण्यांना सांगितलं, घरात नेता येत नाही, पण वेशीबाहेर जागा आहे. राहायचं तर राहा, नाही तर मालवणला लॉज आहेत. ते राहिले.

तीन दिवस राहिले. पेज आणि सुकटाची चटणी खाल्ली, कुळथाच्या पिठीला नावं ठेवत ठेवत तीन वाट्या प्यायले. मुलं वाडीतल्या मुलांबरोबर गुरांमागे हिंडली. प्रियांकाच्या सासूबाईंनी बायकांत बसून ओव्या म्हटल्या. प्रियांकाने तर माझी भांडी घासली, मी नको नको म्हणत असताना. वेशीच्या आत त्यांच्यापैकी कुणीही पाऊल टाकलं नाही. चौथ्या दिवशी देवाने कौल दिला, गाव परतला आणि नारळ यांच्याच हातात राहिला. त्या दिवशी हे जेवताना दोनदा हसले. मला वाटलं, सुटलो.

जानेवारीत निकेतचा फोन आला. आनंदाने फुटत होता.

“काकू, प्रियांका मॅडमनी काय लिहिलंय बघितलंत का? पाच स्टार. झोपडी, पेज, ओव्या, सगळ्याचे फोटो. कंपनी खूश आहे. भरपाईचं विसरा. आपण नवीन पान केलंय, बघून घ्या.”

दिव्याने पान उघडलं. ‘गावपळण कॅम्प. वेशीबाहेर तीन रात्री. चंद्रावती काकूंच्या हातची पेज.’ यांनी घातलेली झोपडी होती. वाडीतल्या बायका ओव्या म्हणत बसलेल्या होत्या, त्यांना न विचारता. माझ्या सासूबाईंचं वाक्यही होतं, गावाला माणसांपासून सुटका. त्याच्या खाली दर. प्रियांकावर माझा राग नाही. तिने चांगल्या मनाने लिहिलं. पण मी त्या दिवशी त्या म्हातारीला पाट दिला, तोसुद्धा कंपनीने विकायला काढला होता.

“हे पान काढून टाक,” मी निकेतला परत फोन लावून म्हटलं.

“पान कंपनीचं आहे, काकू. तुम्ही करार मोडलात तरी फोटो आणि मजकूर कंपनीचा राहतो. पण मोडता कशाला? मला फक्त एक करा. पुढच्या वेळची तारीख सहा महिने आधी कळवा.”

“तारीख देवळात ठरते. देव ठरवतो.”

“ओके. मग तिथे कुणाशी बोलायचं? ट्रस्टी कोण आहेत?”

मी फोन ठेवला.

करार आम्ही मोडला. दिव्याने ती डोळे मिचकावणारी फुकटची साइट पुन्हा उभी केली आणि आता तीच चालते. पाहुणे येतात. सागरओढवालं पानही अजून आहे. नेटवर आमचं नाव टाकलं की आमच्या साइटच्या आधी ते येतं, माझ्या काविलथ्यासकट. कुणी ना कुणी फोन करून विचारतं, भुतांची तारीख ठरली का? मी रॉंग नंबर म्हणते.

या दिवाळीच्या सुट्टीत नाशिकचे एक निवृत्त मास्तर आले होते, बायकोबरोबर. साधी माणसं. सकाळी पडवीत चहा घेताना मास्तरांनी कप खाली ठेवला आणि अगदी हळू विचारलं, “तुमच्या गावात गावपळणीची रीत आहे ना? मी लहानपणी माझ्या आजीकडून ऐकली होती. तुमच्या तोंडून ऐकायला आवडेल.” हातात कॅमेरा नव्हता. वही नव्हती. पूर्वीची मी असते तर हातातलं काम टाकून बसले असते आणि सर्वेशच्या चपलेपर्यंत सगळं सांगितलं असतं.

मी म्हटलं, “तसलं काही नाही हो. जुन्या लोकांच्या गजाली.”

दिव्याने स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे पाहिलं. मास्तर ‘बरं बरं’ म्हणाले, जरा ओशाळले, जणू त्यांनीच काही वावगं विचारलं. माझ्याच पडवीत बसून मी माझ्या देवाला नाही म्हणून सांगितलं होतं, आणि ते अगदी सहज जमलं होतं. निकेतला मी याची माफी देणार नाही. मास्तरांच्या ताटलीत मी आणखी एक आंबोळी वाढली आणि चटणी आणायला आत गेले.